वेदीवरची राख आणि रोजचे लाकूड

ख्रिस्ती मंडळीत कुणी "माझं आत्मिक जीवन कोरडं पडलंय" असं म्हटलं की त्याला बहुधा दोनपैकी एक सल्ला मिळतो. प्रार्थना वाढवा, किंवा अमुक गावी संजीवन सभा आहेत, जाऊन या. सल्ले खोटे नाहीत. पण प्रार्थना होत नाही म्हणूनच तर तो माणूस बोलायला आलेला असतो, आणि सभेतला आवेश साधारण बुधवारपर्यंत टिकतो हे त्यालाही ठाऊक असतं. या विषयावर नेमकं, हातानं करता येईल असं सांगणारा एक उतारा पवित्र शास्त्रात आहे. तो उपदेशाला सहसा कुणी घेत नाही, कारण तो लेवीयात, म्हणजे जुन्या करारातल्या याजकांच्या नियमांच्या पुस्तकात आहे.

लेवीय ६:८-१३. होमवेदीवरचा अग्नी जळत ठेवायचा, ही आज्ञा या सहा वचनांत तीनदा येते. पण तो जळत ठेवायचा म्हणजे करायचं काय? याजकानं तागाची वस्त्रं घालायची, रात्रभर जळून उरलेली राख उचलून वेदीच्या बाजूला ठेवायची. मग कपडे बदलून ती राख छावणीबाहेर स्वच्छ जागी नेऊन टाकायची. आणि रोज सकाळी वेदीवर लाकडं रचायची. मूळ अग्नी याजकानं पेटवलेला नव्हता. ९:२४ प्रमाणे तो परमेश्वरासमोरून निघाला होता. लगेच पुढच्या अध्यायात अहरोन याजकाचे मुलगे नादाब आणि अबीहू स्वतःचा, म्हणजे 'परका' अग्नी धुपाटण्यात घालून आणतात आणि प्राणाला मुकतात. अग्नी देवाचा, राख काढणं आणि लाकूड वाहणं माणसाचं. आत्मिक आवेशाबद्दल आपला सगळा गोंधळ ही वाटणी उलटी केल्यामुळे होतो: पेटवण्याचा खटाटोप आपण करतो, आणि राख देवानं काढावी म्हणून वाट पाहतो.

त्याआधी कोरडेपणा कशानं आला ते बघायला हवं. कारण एकच नसतं आणि कारणाप्रमाणे उपाय बदलतो. थकलेल्याला उपवास सांगितला तर तो आणखी खचतो. पाप लपवून बसलेल्याला विश्रांती सांगितली तर त्याला पळवाट सापडते.

थकव्याचं उदाहरण एलीया संदेष्ट्याचं. १ राजे १८ मध्ये कर्मेलावर अग्नी उतरला, बआलाचे साडेचारशे संदेष्टे हरले, पाऊस आला, आणि हा माणूस अहाब राजाच्या रथापुढे यिज्रेलपर्यंत धावला. १९व्या अध्यायात तोच बैर-शेबापलीकडच्या रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. देवदूतानं त्याला बोध केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू एवढंच उशाशी ठेवलं. एलीया खाऊन पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट लांबची होती. 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न आला तो चाळीस दिवसांनी, होरेबावर. आधी झोप, मग जेवण, मग चाल, मग बोलणं, मग नवं काम आणि अलीशासारखा सोबती.

आपल्याकडे डिसेंबर सरला की पाळक, गायनसंघ आणि तरुण संघ यांची नेमकी हीच गत असते. कॅरोलच्या फेऱ्या, नाताळचे कार्यक्रम, वॉचनाइट, नववर्षाची उपासना. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ज्याला प्रार्थना नकोशी वाटते तो विश्वासात ढळलेला असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्याची झोप झालेली नसते. त्यानं दोन आठवडे रोज सात-आठ तास झोपावं, आठवड्यातली एक संध्याकाळ कोणत्याही मीटिंगशिवाय मोकळी ठेवावी आणि मग स्वतःची परीक्षा करावी. झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलं असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. नैराश्याला विश्वासाची कमतरता म्हणणारे उपदेशक अजूनही भेटतात. एलीयाला तसला उपदेशक भेटला नाही हे त्याचं भाग्य.

इफिस शहरातल्या मंडळीचं दुखणं वेगळं होतं, आणि जुन्या मंडळ्यांत जास्त आढळतं ते हेच. प्रकटीकरण २ मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रात प्रभू आधी त्यांची जमेची बाजू मांडतो: श्रम, धीर, खोट्या प्रेषितांची पारख, नावासाठी सोसणं, न थकणं. एवढं सगळं असून पहिली प्रीती सोडलेली. आजच्या हिशेबात सांगायचं तर उपासनेला हजेरी पूर्ण, दशांश वेळेवर, शिकवण चोख, पंच कमिटी तत्पर. त्यावर दिलेला उपाय तीन क्रियापदांत आहे: आठवण कर, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. पहिल्या भावना परत आण, असं तिथे म्हटलेलं नाही. भावना हुकमानं येत नाहीत. कृत्यं करता येतात.

इफिसातली ही पहिली कृत्यं कोणती, ते प्रेषितांची कृत्ये १९ आणि २० मध्ये लिहून ठेवलेलं आहे, आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज वचनावर संवाद चालला. विश्वास ठेवलेल्यांपैकी पुष्कळांनी येऊन आपली कृत्यं पदरात घेतली, उघड सांगितली. जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं आणून सर्वांसमोर जाळली. कुणीतरी किंमत काढली तर ती पन्नास हजार चांदीची नाणी भरली. पुढे मिलेताला निरोप घेताना मंडळीचे वडील पौलाबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करतात, त्याच्या गळ्यात पडून रडतात. म्हणजे रोजचं वचन, उघड कबुली, किंमत मोजून तोडलेला संबंध, आणि माणसांवरची माया. प्रकटीकरणातल्या जमेच्या यादीत श्रम आणि चोख शिकवण ठळक आहेत. या चार गोष्टी कुठे दिसत नाहीत.

मधे किती काळ गेला? पौल इफिसात होता तो पहिल्या शतकाच्या पन्नाशीत. प्रकटीकरणाचा काळ बहुतेक अभ्यासक इ.स. ९५ च्या सुमाराचा धरतात. चाळीसेक वर्षं, म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांत बरेचसे दुसऱ्या पिढीतले. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, आलं १८३१ मध्ये. तिथल्या कितीतरी घरांत आज पाचवी पिढी उपासनेला बसते. पहिला दिवस खापरपणज्यानं पाहिला, तर मी आठवण कशाची करू, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला उत्तर असं की आपल्या दृढीकरणाचं किंवा पहिल्या प्रभुभोजनाचं वर्ष घ्यावं, किंवा प्रार्थना मनापासून होत होती असा आपला कोणताही एक काळ घ्यावा.

मग वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा. डावीकडे त्या काळात तुम्ही काय *करत* होता ते लिहा. किती वाजता उठत होता, प्रार्थना कुठे बसून करत होता, कुणाबरोबर करत होता, आजाऱ्यांपैकी कुणाकडे जात होता, कुणाला गुपचूप पैसे देत होता, काय सोडलं होतं. 'आनंद वाटायचा', 'जवळीक वाटायची' अशी वाक्यं लिहायची नाहीत. उजवीकडे प्रत्येक गोष्ट कधी आणि कशामुळे थांबली ते लिहा: बदली, लग्न, मूल, रात्रपाळी, कुणाशी बिनसलं, नवा फोन. दहा-बारा ओळी होतात. त्यातल्या दोनच निवडून याच आठवड्यात सुरू करा. दहाही एकदम सुरू करणारा तिसऱ्या आठवड्यात दहाही सोडतो, आणि आपल्याच्यानं काही होत नाही अशी नवी खूणगाठ बांधून बसतो.

डावा रकाना रिकामा राहिला, तर तीही माहितीच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला १८८३ मध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहिलं आहे, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं जावी लागली. मधल्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. शारदा सदन उभं केलं होतं, अमेरिका पालथी घातली होती. म्हणून नूतनीकरण हा शब्द प्रत्येकाला लागू करण्याची घाई करू नये. काहींना पुन्हा सुरुवात करायची नसते, पहिल्यांदाच करायची असते, आणि मंडळीत जन्मलेल्या माणसाला हे मान्य करणं सर्वांत जड जातं.

आता राख. राख म्हणजे फक्त पाप, असं समजू नये. वेदीवरची राख कालच्या खऱ्या अर्पणाचीच असते. वीस वर्षांपूर्वीच्या आजारपणातून देवानं उठवलं ती साक्ष दर वर्षी त्याच शब्दांत देणारे लोक असतात. घटना खरी, पण ती आता जळत नाही. ती सन्मानानं, स्वच्छ जागी, बाहेर न्यायची असते. साक्ष देताना गेल्या तीन महिन्यांतलीच गोष्ट सांगायची, असा नियम स्वतःपुरता करून पाहा. सांगण्यासारखं काही नसेल तर त्या दिवशी गप्प बसावं. त्या गप्प बसण्याचाही उपयोग होतो.

आणि पापाची राखही असतेच. स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो की तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडं झिजली. इथे सर्वांत जास्त बिघडतं ते मोघमपणामुळे. 'प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर' हे वाक्य बरोबर असलं तरी त्याखाली काहीही झाकता येतं. कबुली नाव, वेळ आणि कृती यांसह करावी: मंगळवारी ऑफिसात अमक्याबद्दल जे बोललो ते खोटं होतं. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटांची उजळणी यासाठी चांगली. जेसुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानं सोळाव्या शतकात घालून दिलेला तिचा क्रम प्रॉटेस्टंटांनाही तितकाच चालतो. आधी दिवसातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल उपकारस्तुती. मग स्वतःला खरं दिसावं म्हणून मागणं. मग सकाळपासून तासागणिक दिवस डोळ्यांपुढून नेणं. मग जिथे चुकलं त्याची क्षमा. शेवटी उद्याची एक गोष्ट ठरवणं. पहिली पायरी गाळू नका. ती गाळली की उजळणीचा हिशेब होतो आणि माणूस आठवड्यात कंटाळतो.

मत्तय ५:२३-२४ मात्र वहीत उरकत नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायचं आहे. आपल्या मंडळ्यांत निम्मा कोरडेपणा इथे अडकलेला असतो असं माझं मत आहे: पंच कमिटीची निवडणूक, ट्रस्टच्या जमिनीचा दावा, दोन गट, एकमेकांना सलाम न करणारी दोन घरं आणि त्यांच्यात फिरणारा एकच प्रभुभोजनाचा प्याला. भेटायला जाताना काही गोष्टी सांभाळाव्यात. आधी त्याला सांगा, पाळकाला आणि शेजाऱ्याला नंतर. व्हॉट्सअ‍ॅपवर माफी मागू नका. तो मजकूर पुढे पाठवला जातो. 'मी असं बोललो, ते चूक होतं' एवढं म्हणून थांबा. 'पण तूही' हे शब्द आले की माफी संपते आणि वाद सुरू होतो. पैशाचं देणं असेल तर रक्कम आणि तारीख सांगा. जक्कय जकातदारानं चौपट परत करण्याची भाषा केली ती उगाच नव्हे. समोरच्यानं दार लावलं तरी तुमच्याकडून साधेल तितकं झालं, रोमकरांस १२:१८ तेवढंच मागतं. मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला मात्र या वचनाच्या नावाखाली पुन्हा त्याच दारात उभं करू नये.

लाकूड रोजचं. पवित्र शास्त्रात एकूण ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर दिवसाला तीन-सव्वातीन पडतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपवून अशी वाचणारी मंडळी जानेवारीच्या २८ तारखेच्या आसपास लेवीयाला पोचतात आणि तिथेच बहुतेकांचा वर्षाचा बेत बसकण मारतो. गंमत अशी की वेदीवरचा अग्नी विझू देऊ नका हे सांगणारा अध्याय त्यापुढे एका-दोन दिवसांच्या अंतरावर असतो.

कोरड्या काळात कमी वाचा. नव्या करारात २६० अध्याय आहेत, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज एक घेतला तर बरोबर ५२ आठवडे होतात, आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. त्याहून कमी हवं असेल तर मार्कापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत, गोष्ट वेगानं पुढे जाते, आणि येशू काय करतो हे पाहण्यात मन स्वतःवरून उठतं. मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळे पुढे जातात आणि मन मागे राहतं.

पंचवीस मिनिटं पुरतात. त्यांची विभागणी साधारण अशी करता येते: दोन मिनिटं शांत बसणं, पाच मिनिटं एक स्तोत्र, आठ मिनिटं शुभवर्तमानाचा अध्याय, सात मिनिटं प्रार्थना, उरलेल्या वेळात दोन ओळी लिहिणं. स्तोत्रासाठी जुनी युक्ती आहे. आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७ आणि १२७ ही पाच स्तोत्रं येतात. पाचही चाळून आजच्या मनाला जुळणारं एक निवडा. महिन्यात सगळी १५० नजरेखालून जातात. २९ तारखेला ११९वं येतं, ते १७६ वचनांचं आहे, त्याला ३१ तारखेसाठी बाजूला ठेवा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्राचेच शब्द प्रार्थना म्हणून वापरा, किंवा प्रभूची प्रार्थना एकेका ओळीवर थांबत म्हणा. 'आमची रोजची भाकर' इथे घरच्या किराण्याचं, फीचं, हप्त्याचं नाव घ्यावं. गाता येत असेल तर 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं ना. वा. टिळकांचं एखादं पद गा. आवाज बरा नसला तरी चालतं, घरचे फार तर दार लावतील.

सकाळ की रात्र, यावर वाद घालू नये. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला आणि तान्ह्या मुलाच्या आईला पहाटे पाचचा हट्ट म्हणजे शिक्षा आहे. वेळ कोणतीही असो, ती रोज एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलेली हवी: पहिल्या चहाआधी, मूल शाळेत गेल्यावर, लोकलमध्ये बसायला मिळाल्यावर. जागा एकच ठेवा. शास्त्र छापील घ्या. फोनवर वाचणाऱ्याला वचनाच्या मध्येच वीजबिलाचा मेसेज येतो, आणि मग पंधरा मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या साधूनं या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं आहे. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास मठवासीयाला सूर्य जागचा हललाच नाही असं वाटतं, तो सारखा खिडकीतून बाहेर बघतो, कुणी भाऊ येतोय का म्हणून कानोसा घेतो, आपली जागा आणि आपलं काम त्याला नकोसं होतं. फोन नव्हता, खिडकी होती. त्याचा सल्ला एवढाच की खोली सोडू नका.

दिवस चुकतोच. चुकलेले अध्याय भरून काढू नका, आजचाच वाचा; थकबाकी साठली की माणूस वहीच उघडत नाही. मात्र सलग दोन दिवस चुकू देऊ नका. पाळकांसाठी आणि संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी एक जादा नियम: उपदेशाच्या तयारीचं वाचन यात मोजायचं नाही. दुसऱ्यांना काय सांगू या नजरेनं वाचलेला उतारा स्वतःला क्वचितच काही सांगतो. यूट्यूबवरचे तीन उपदेश ऐकणं म्हणजेही प्रार्थना नव्हे. ते कानाला सोपं जातं, कारण त्यात आपल्याला कुणी काही विचारत नाही.

एकट्यानं हे टिकत नाही. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीनं १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम लिहिले, पुरुषांचे गट वेगळे, स्त्रियांचे वेगळे. आठवड्यातून एकदा भेटायचं आणि प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायचे: गेल्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप घडलं, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली. आपल्याकडे दोघे किंवा तिघे पुरेत. तासाभराची भेट, घड्याळ लावून. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, कबुली ऐकणारा लगेच उपदेश करू लागतो. त्यानं आधी फक्त ऐकावं आणि प्रार्थना करावी. दुसरं, 'प्रार्थनेची विनंती' म्हणून तिसऱ्याच माणसाची भानगड सांगितली जाते. गैरहजर व्यक्तीचं नाव निघालं की विषय थांबवायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. तीन महिन्यांत एकदाही गोष्ट बाहेर गेली नाही, तरच माणसं खरं बोलू लागतात.

उपवास आठवड्यातून एका जेवणाचा पुरे, पाणी पीत राहावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी करू नये. वाचलेल्या जेवणाचे पैसे वेगळे काढून कुणाच्या तरी पोटात जाऊ द्यावेत. यशया ५८ मध्ये उपवासाची कसोटी तीच आहे.

नादाब-अबीहूच्या त्या परक्या अग्नीबद्दल बोलायला हवं, कारण तो आज सहज मिळतो. कीबोर्डचा लांबलेला सूर, मंद दिवे, तीच ओळ पंधरा वेळा, आणि डोळ्यांत पाणी. यातलं काहीही स्वतःहून वाईट नाही. रडणं, मोठ्यानं एकदम प्रार्थना करणं हे केडगावच्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये संजीवन झालं तेव्हाही पुष्कळ होतं, आणि तेव्हाही लोकांना ते खटकलं होतं. पण त्या जूनच्या आधी काय होतं ते सहसा सांगितलं जात नाही. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्याचं आवाहन केलं, सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमत होत्या. सहा महिने रोज लाकूड रचलं जात होतं. आणि नंतर? कबुल्या झाल्या, मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेले, आणि शाळा, शेत, छापखाना चालूच राहिले. रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबलच्या भाषांतराला बसल्या ते एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत. ते पुस्तक मुक्तीच्याच स्त्रियांनी छापलं. सभेचा खरेपणा सभेत मोजता येत नाही. सहा महिन्यांनी कुणाचं कर्ज फिटलं, कुणाची बोलाचाली सुरू झाली, कोण अजून पहाटे उठतो आहे, यावरून तो कळतो.

सगळं करूनही कोरडेपणा राहिला तर? राहतो कधीकधी. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, आणि तरीही ते स्तोत्रांच्या पुस्तकात आहे. सोळाव्या शतकातल्या क्रूसाच्या योहानानं अशा काळाची एक खूण दिली आहे: देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगाच्या गोष्टींतही नाही, आणि आपण देवाची सेवा नीट करत नाही ही काळजी मात्र मनाला लागून राहिलेली आहे. ज्याचा कोरडेपणा निष्काळजीपणातून आलेला असतो त्याला ही काळजी नसते. अशा वेळी इग्नेशियसचे दोन नियम फार कामाचे आहेत. उदासीच्या काळात, आधी शांत मनानं केलेला निश्चय बदलू नये. मंडळी सोडणं, सेवेचा राजीनामा देणं, लग्न मोडणं असले निर्णय तेव्हा घेऊ नयेत. आणि प्रार्थना लवकर आटपावीशी वाटली की ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसावं. पंचवीसच्या जागी सत्तावीस मिनिटं.

चाळीस दिवसांनी वही उघडा. 'आवेश आला का' हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी पाहा: रागावल्यावर माफी मागायला किती वेळ लागतो, पूर्वी तीन दिवस लागायचे ते आता संध्याकाळपर्यंत होतं का, प्रार्थनेत दुसऱ्यांची नावं किती येतात, ज्या घरी जायचं टाळत होता तिथे गेलात का, रोजची जागा आणि वेळ किती दिवस पाळली गेली. चाळीसपैकी तीस दिवस झाले असतील तर डाव्या रकान्यातली तिसरी ओळ सुरू करा. वीसच झाले असतील तर तिसरी ओळ राहू द्या, वेळ पंचवीसवरून पंधरावर आणा आणि त्याच दोन ओळींवर आणखी चाळीस दिवस घालवा.